खड्ड्यातलं खत

आमच्या ओढ्याचं पाणी नारिंगी आहे हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नाही. वेस्कोनं घर दाखवायला आणलं तेव्हा कडक हिवाळा होता आणि ओढा बर्फाखाली झाकलेला. लग्न झालं, बर्फ वितळलं, मी बादली घेऊन खाली गेले तर दगड, काठ, झाडांची मुळं, सगळ्यावर गंज चढलेला. वर डोंगरात शिसं-जस्ताची जुनी खाण आहे. ती बंद पडली, माणसं गेली, रूळसुद्धा उपटून भंगारात विकले. खाणीच्या तोंडातून पाणी तेवढं वाहतच राहिलं.

"ह्यात कपडे धुऊ नकोस," सासू म्हणाली. "पांढरं पांढरं राहायचं नाही."

एवढंच. घरातल्या दारुड्याबद्दल जसं पाहुण्यांपुढं बोलत नाहीत, तसं आमच्या गावात त्या पाण्याबद्दल कुणी बोलत नसे.

ओढ्याला लागूनच माझ्या सासऱ्यांचा, रांगेल बाबांचा मळा. त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथं लाल मिरची व्हायची. आमची मिरची तिखट नसते. वीतभर लांब, जाड गराची, गोड. रोदोपी डोंगराच्या ह्या अंगाला त्या मळ्याच्या मिरचीचं नाव होतं म्हणे. खाणीचं पाणी फुटलं तेव्हापासून तिथं नुसतं खरबरीत गवत. तरी बाबा दर वसंतात कुंपण दुरुस्त करायचे. आमचा शेजारी पेन्चो भिंतीवर कोपरं टेकून म्हणायचा, "रांगेल, तार घट्ट ओढ बरं. चोर येऊन तुझी हवा घेऊन जातील."

बाबा हसायचे नाहीत. मिरचीच्या बाबतीत त्यांना थट्टा कळतच नसे.

मळा पडीक म्हणून माझा नवरा परमुलखात, असं ते सगळं एकात एक गुंतलेलं. एप्रिल लागला की वेस्को बसमध्ये बसून जर्मनीला जायचा, तिथल्या शेतांवर कंबरेत वाकून भाजी खुडायला. परत यायचा तो थंडी पडल्यावर, आणि आठवडाभर त्याला ताठ उभं राहता यायचं नाही. एकदा आला तेव्हा आमची लेक रादा माझ्या घागऱ्यामागं लपली आणि तिनं मला विचारलं, "हे काका कधी जाणार?" वेस्को हसला. मग गोठ्यात जाऊन बराच वेळ बसला. त्या हिवाळ्यात मी त्याला तोंडावर सांगितलं, मला नवरा पाहिजे, पाकिटातले पैसे नकोत.

"मळा पिकू दे," तो म्हणाला. "मळा पिकला तर मी कशाला मरायला जातोय तिकडं?"

झालं. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या मळ्यात.

तसं म्हणायला आशाही होती. त्याआधी दोनेक वर्षं सोफियाहून तेओदोरा बाई आल्या होत्या. इंजिनीयर, चाळिशीच्या, पायात पुरुषी गमबूट. खाणीच्या तोंडाशी त्यांनी यंत्रानं एक मोठा खड्डा खणवला, तळाला जाड प्लॅस्टिक अंथरलं, आणि गावात येऊन शेण मागू लागल्या. शेण, पेंढा, लाकडाचा भुसा, चुनखडीची खडी. हे सगळं खड्ड्यात भरायचं आणि खाणीचं पाणी त्याच्या पोटातून जाऊ द्यायचं. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं.

"घाण पाण्यात शेण घालून ते स्वच्छ होणार?" पेन्चो म्हणाला. "मग माझा गोठा तर आरसाच म्हणायचा."

बाई चिडल्या नाहीत. चर्चच्या पायरीवर बसून त्यांनी समजावलं. म्हणाल्या, शेणात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, जिवाणू. त्यांना हवा नको असते. हवा लागली की मरतात. बिनहवेच्या चिखलात बसून ते पेंढा-शेण खातात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सोडतात. त्या वासातच खरं काम आहे. तो पाण्यातल्या शिशाला, जस्ताला धरतो, त्याचा काळा गाळ होतो आणि तळाला बसतो. वरून पाणी निघतं ते मोकळं.

"म्हणजे तुमची गुरंच की ती," बाबा म्हणाले.

बाईंना ते फार आवडलं. गावानं तेच नाव धरलं, बाईंची गुरं.

शेण दिलं आमच्या बाबांनीच. आमच्याकडं तेव्हा पाच गाई होत्या आणि गोठ्यामागं उकिरडा छातीएवढा. खेचराच्या गाडीत काट्यानं शेण भरायचं, डोंगर चढायचा, ओतायचं, उतरायचं. खेचराच्या अंगाला फेस. बाबांच्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. काम संपल्यावर बाई पैसे द्यायला लागल्या तेव्हा बाबांनी हात मागं घेतला.

"शेणाचे पैसे घेतात का कुठं? आमच्यात शेण विकत नाहीत, बाई. शेणाला शेण. मी तुम्हाला दिलं, तुम्ही मला परत द्याल."

"देईन हो काका, सगळं परत देईन," बाई हसत म्हणाल्या.

त्या हसण्यावारी बोलल्या होत्या. बाबा नव्हते. आमच्या गावात शेणाच्या गाडीचं देणंघेणं म्हणजे गमतीची गोष्ट नाही. बाप गेला तर मुलगा फेडतो.

पुढच्या वसंतात ओढा बदलला. आधी नारिंगी रंग फिका पडला, मग दगडांवर हिरवं शेवाळ धरलं. खड्ड्याजवळ गेलं की कुजक्या अंड्यांचा वास नाकात भरायचा. बाबा तो वास छातीभर घ्यायचे आणि म्हणायचे, "चरतायत. गुरं चरतायत." आई, म्हणजे माझी सासू गिना, डोक्यावरच्या रुमालाचं टोक नाकाला लावून म्हणायची, "त्यांच्याबरोबर तूही जा चरायला." एक दिवस रादानं बेडूक धरून आणला. त्या ओढ्यातला बेडूक बाबा आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. त्यांनी तो तळहातावर घेतला, फिरवून फिरवून पाहिला आणि परत पाण्यात सोडायला स्वतः खाली गेले.

मग बाईंनी शेजारी दुसरा खड्डा खणला. पहिल्यावर काळं प्लॅस्टिक पसरून दगड ठेवले. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ह्याचं काम झालं, काका. पोट भरलं त्याचं. आता ट्रक येऊन गाळ घेऊन जाईल."

ट्रक काही आला नाही. सरकारी ट्रक. गवत उगवलं प्लॅस्टिकवर. बाईंनी तिथं धोक्याचा पिवळा फलक लावला होता, पण खाणीच्या आवारात असले फलक कवडीला तीन. एक तर आमच्या शेळ्यांच्या खोपटाला दार म्हणून लावलेला आहे.

वेस्कोशी ते बोलणं झाल्यानंतरच्या शरदात बाबांनी प्लॅस्टिकचा कोपरा उचलला. मी बरोबर होते. आत काळंभोर, थंड, मऊ. पेंढ्याची काडी ओळखू येत नव्हती. बाबांनी मूठभर घेऊन दाबलं, सोडलं, बोटांत चुरलं. आमच्याकडं शेणखत पिकलं की नाही ते असंच बघतात: काळं झालं, गार झालं, काडी विरघळली, म्हणजे तयार.

"बघ नेवेना," मला म्हणाले. "झालं म्हणाल्या ना बाई? झालंय. आणि हे इथं ट्रकची वाट बघत कुजतंय. माझ्या गाईंचं शेण!"

"वास येतोय पण बाबा."

"कोंडलंय ना. हवा लागू दे, जाईल."

आम्ही ते आणलं. जितकं दिलं होतं त्यापेक्षा एक गाडीही जास्त नाही. त्या बाबतीत बाबा देवमाणूस. मीही भरलं, आईनंही भरलं. गोठ्यामागं ढीग घातला, आणि हिवाळाभर बाबांनी तो वरचेवर उलटापालटा केला, भुसभुशीत केला, हवा खाऊ घातली. वेस्को आल्यावर त्यानंही काटा धरला. वसंत येईपर्यंत वास पार गेला. ढिगाच्या वरच्या सालीवर कुठं कुठं तांबूस-पांढरी खपली धरली होती. बाबा म्हणाले, क्षार आहेत, झाडाला चांगले.

एप्रिलमध्ये वेस्कोला त्याच्या मुकादमाचा फोन आला. बस शुक्रवारी सुटणार. वेस्को अंगणात उभा होता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात रोपांची पेटी. मी खिडकीत.

"ह्या साली नाही येत," तो म्हणाला. "घरी काम आहे."

मी खिडकी लावली आणि तव्याशी येऊन रडले. आईनं पाहिलं, माझ्या पुढ्यातला करपलेला पाव उलटला.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. गुडघ्यावर बसून रोपं लावली. ओढ्याचं पाणी पाटानं आत घेतलं. बाबा फावडं घेऊन सरीच्या तोंडाशी उभे, एक सरी भरली की मातीचा लगदा टाकून बंद, दुसरी उघडी. वेस्कोची पाठ उन्हानं तांबडी झाली, पण ती आमच्या उन्हानं. रादा दिवसभर त्या चिखलात अनवाणी. चिखलाचे पाव थापायची, आजोबाला खायला द्यायची, आणि तो वेडा म्हातारा खाल्ल्यासारखं करून मिशा पुसायचा. तिचे पाय धुताना रात्री पाणी काळं व्हायचं. मला वाटायचं, मातीत वाढतंय पोर, चांगलं आहे.

मिरची अशी लागली की झाडांना काठ्या द्याव्या लागल्या. जुलैत हिरवी, ऑगस्टात तपकिरी, मग एका आठवड्यात सगळा मळा लाल. पेन्चो कुंपणाशी आला, टोपी मागं सारली आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही.

"एक दे," एवढंच म्हणाला. तिथंच उभ्यानं खाल्ली.

मग आमचं वर्षाचं मोठं काम सुरू झालं. मिरची पत्र्याच्या पिंपात जाळावर भाजायची, काळी पडली की साल काढायची, वाटायची, टोमॅटो घालून अंगणातल्या मोठ्या कढईत दिवसभर आटवायची. त्या चटणीला आम्ही ल्युतेनित्सा म्हणतो. हिवाळाभर तिच्यावरच असतो. पावाला लावून, चीजबरोबर, पोरांना तर नुसती बोटानं चाटायला. आमची बोटं सालीच्या राखेनं काळी, डोळे धुरानं लाल. आई कढईशी लाकडी वल्हं घेऊन उभी, कुणाला हात लावू देईना. वेस्को बरण्या उकळत होता. रादा हातात पाव घेऊन कढईभोवती फिरत होती, नाकाच्या शेंड्यापर्यंत चटणी माखलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तेओदोरा बाई आल्या. दर महिन्याला पाण्याच्या बाटल्या भरायला यायच्या. नेहमी घाईत असायच्या. त्या दिवशी वासानं आत ओढल्या गेल्या.

"अरे वा, काका! ओढ्याच्या मळ्यातली?"

"बसा," बाबा म्हणाले. स्टूल स्वतःच्या बाहीनं पुसलं. पावाचा मोठा तुकडा तोडला, कढईतली गरम चटणी वर थापली, वर चिमूटभर मीठ. बाईंनी घास घेतला, डोळे मिटले.

"असली चटणी मी लहानपणी खाल्ली होती. काय केलंत काय?"

बाबांची छाती फुगली. असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "काही नाही. पाणी तुमच्या गुरांनी दिलं. खत माझ्या गुरांनी."

"चांगलं कुजलेलं असणार."

"तर! तुमच्याच खड्ड्यातलं. परत देईन म्हणाला होतात, तुम्हाला कुठं वेळ. म्हटलं आपणच आणावं."

बाई चावत होत्या. चावायच्या थांबल्या.

"कुठल्या खड्ड्यातलं?"

"पहिल्या. झालेल्या."

मला आठवतं ते त्यांचं तोंड. घास तसाच गालात. गिळावा की थुंकावा ते त्यांना कळेना, आणि समोर यजमान म्हातारा हसत उभा. शेवटी त्यांनी तो हातात काढला. मूठ मिटली. मग त्यांनी रादाकडं पाहिलं, तिच्या हातातल्या पावाकडं, आणि स्टुलावरून अशा उठल्या की स्टूल उलटलं. रादाच्या हातातून पाव हिसकावला. रादा किंचाळली.

"बाई!" आई ओरडली. "पोरीच्या तोंडातलं—"

"कधीपासून खातेय ही? ह्या मळ्यातलं, कधीपासून?"

कढई रटरटत होती.

"काका, त्या गाळात काय आहे ठाऊक आहे ना तुम्हाला? डोंगरातून जे जे आलं ते सगळं त्यात आहे. शिसं, कॅडमियम, सगळं. पाण्यातून काढून तिथंच तर ठेवलं होतं मी!"

"पण बाई, मी काही तसंच नाही टाकलं," बाबा म्हणाले. अजून त्यांना वाटत होतं की काहीतरी गैरसमज झालाय आणि नीट सांगितलं की मिटेल. "हिवाळाभर उलटलं. चांगली हवा दिली. वास पार गेला, तेव्हाच टाकलं. विचारा हिला."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हवा नको होती, काका. बिनहवेचं होतं म्हणून ते विष गाळात घट्ट बसलं होतं. हवा लागली की सुटतं. सुटलं की झाड पितं."

बाबांनी उलटलेलं स्टूल सरळ केलं आणि त्यावर स्वतः बसले. आईच्या हातातलं वल्हं थांबलं होतं. थोड्या वेळानं चटणी तळाला लागल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

माझं काय झालं सांगू? मी रादाचं तोंड धुतलं. साबणानं धुतलं. जीभसुद्धा पुसली फडक्यानं. ती ओरडत होती आणि मी पुसत होते. वेस्कोनं मला दोन्ही दंडांना धरून बाजूला केलं तेव्हा तिच्या ओठातून रक्त आलं होतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली होती, आणि ती जमीन आमचीच होती.

बाईंनी माती नेली, मिरच्या नेल्या, एक बरणी नेली. तपासून सांगते, तोपर्यंत काही खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका म्हणाल्या. बाबा मळ्यात जाईनात. पिकलेली मिरची झाडावर सुरकुतत होती, गळत होती. मी मनाशी म्हणायची, एवढी लाल, एवढी गोड, हिच्यात काय असणार? खोटं निघू दे. बाईंचं शिक्षण खोटं निघू दे.

खरं निघालं. सांगायला त्या स्वतः आल्या, फाटकातच उभ्या राहिल्या. मिरचीत कॅडमियम माणसानं खावं त्याच्या कितीतरी वर. मातीत शिसं त्याहून. "मोठ्या माणसांना एका हंगामानं फार काही होणार नाही. पण मुलीला तपासा. ती मातीतही खेळली आहे."

"चूक माझी," त्या पुढं म्हणाल्या. "कुंपण घालायला हवं होतं मी. नीट सांगायला हवं होतं."

"तुम्ही सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "झालं म्हणून सांगितलं होतं." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेच ऐकवेना.

आम्ही रादाला बसनं प्लॉवदिवच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिच्या एवढ्याशा दंडातून रक्त काढलं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात शिसं आहे, असायला नको इतकं आहे. घाबरू नका, पण त्या मातीतून तिला काढा; पुन्हा तपासू, उतरायला पाहिजे. मी विचारलं, उतरलं तर ती पूर्ववत होईल ना? डॉक्टर म्हणाले, बहुतेक. परतीच्या बसमध्ये मी तो एकच शब्द तोंडात घोळवत होते.

आम्ही परत आलो तर अंगणाच्या भिंतीवर बरण्या. पहिल्या दोन दिवसांतली चटणी आम्ही ज्यांना ज्यांना वाटली होती त्यांनी त्या आणून ठेवल्या होत्या. काही उघडलेल्या, काही तशाच. पेन्चो आपली बरणी ठेवत होता तेवढ्यात बाबा दारात आले. दोघांची नजर मिळाली. पेन्चोनं नुसती टोपीला बोटं लावली आणि गेला. आयुष्यभर ह्याच्या थट्टेला मी शिव्या घातल्या. त्या दिवशी वाटलं, एखादी कर रे बाबा, एखादी तर कर.

आता टाकायचं कुठं? उकिरड्यावर नाही, कोंबड्या टोचतील. ओढ्यात तर नाहीच. पुरलं तरी मातीतच जाणार. बाई म्हणाल्या, "खड्ड्यात घाला. दुसऱ्या, चालू खड्ड्यात. जिवाणू गोड खातात, आणि धातू परत धरून ठेवतील."

म्हणून आम्ही सगळे बरण्या घेऊन डोंगर चढलो. तेच खेचर, तीच गाडी. बाई खड्ड्याच्या कडेची झडप उघडून उभ्या राहिल्या. बाबा एकेक झाकण फिरवायचे. घट्ट बसलेली झाकणं, आईनंच बसवलेली. झाकण टक् करून सुटायचं आणि भाजलेल्या मिरचीचा वास यायचा. असा वास, की तोंडाला पाणी सुटावं. बाबा बरणी उलटी करायचे, वल्ह्यानं आतली कडा खरवडायचे, थेंबही राहू द्यायचे नाहीत. शेवटी शेवटी आई हमसून रडू लागली. म्हणाली, "मीठ नीट पडलं होतं गं ह्या साली."

कुणीच तिला गप्प केलं नाही.

वेस्कोनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. मुकादमाला फोन केला होता. हिवाळ्याचं काम होतं, तिकडं जर्मनीत, गोदामात. ह्या वेळी एकट्याचं नाही. खोली आहे, आपण तिघंही जायचं. मला तो इथं हवा होता. ह्याच अंगणात, ह्याच मळ्यात हवा होता. तेवढ्यासाठी मी गुडघे सोलून घेतले होते.

"बाबांना कोण सांगणार?" मी विचारलं.

बाबा दाराशीच उभे होते. "जा," म्हणाले. "तिला घेऊन जा. लवकर जा." आणि गोठ्याकडं वळले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मळ्यात काम धरलं. झाडं उपटली, आणि आता वरची माती खरवडून पोत्यांत भरायला लागले. बाईंनी सांगितलं होतं, माणसं आणू, यंत्र आणू. बाबा म्हणाले, मीच टाकली, मीच काढणार. ह्या वेळी त्यांना ट्रकवर विश्वास नव्हता. सकाळी जायचे ते अंधार पडेतो. मिशांवर, भुवयांवर, टोपीवर सगळी ती काळी धूळ. घरात यायच्या आधी बाहेरच्या नळावर हात कोपरापर्यंत घासायचे, घासून घासून कातडी सोलली होती. जेवायला ओसरीतच बसायचे. रादा जवळ गेली की उठून जायचे.

आम्ही निघालो त्या सकाळी थंड वारा होता. आईनं पाव, चीज, उकडलेली अंडी बांधून दिली. डबा बांधता बांधता सवयीनं फडताळाकडं हात नेला, फडताळ रिकामं होतं. बाबा दिसेनात.

"मळ्यात आहे," आई म्हणाली. "पहाटेच गेला."

बस थांब्यावर येऊन उभी होती. वेस्को बॅगा चढवत होता. मी रादाला घेऊन खाली मळ्याकडं गेले. बाबा पाठमोरे, फावडं चालू. जिथं मिरची होती तिथं आता वीतभर खोल खड्डा, पिवळी माती उघडी पडलेली.

"आजोबा!" रादानं माझा हात सोडला आणि फाटकाकडं धावली. तिला सवय होती. फाटक ढकलायचं आणि आत घुसायचं. ह्याच म्हाताऱ्यानं तिला शिकवलं होतं ते.

"थांब!"

मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. रादा जागच्या जागी थिजली. मीही.

"आत यायचं नाही. तिथंच. कुंपणाच्या पलीकडं. हां, तिथंच."

ते चालत आले आणि कुंपणापासून दोन हात लांब उभे राहिले. फावडं खाली टाकलेलं. रादानं तारांमधून दोन्ही हात आत घातले. बाबांनी आपले हात पाठीमागं नेले.

"आजोबा, आम्ही बसमधून जाणार."

"हो गं राणी. मोठी बस आहे."

"मला उचल."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं. एक पाऊल पुढं येऊन वाकले. निदान तिला गालाला हात लावता यावा म्हणून चेहरा पुढं केला. तिची बोटं मिशांपर्यंत पोहोचत आली आणि त्यांना मिशांवरची धूळ आठवली असावी. त्यांनी झटक्यानं मान मागं घेतली.

"हात धुतले नाहीत मी अजून," म्हणाले. "नेवेना, ने तिला. ने म्हणतो ना."

वर बसवाल्यानं भोंगा वाजवला. मी रादाला उचललं. ती माझ्या खांद्यावरून हात लांब करून ओरडत होती, आणि बाबा तसेच उभे होते, हात पाठीमागं घट्ट धरून.